दशावताराच्या रंगपटात हेलिओस: एका जुन्या लेन्सची खरेदी, जोडणी आणि वापर

सावंतवाडीला राहणारी माझी भाची दशावतारी कलाकारांची व्यक्तिचित्रं करते. नाटक रंगात आल्यावरची नव्हे, त्याच्या आधीची. रंगपटात पेटाऱ्यावर बसून, हातातल्या आरशात बघत माणूस स्वतःच्या चेहऱ्याचा राजा किंवा राक्षस करत असतो, ती वेळ तिला हवी असते. दशावतारात कलाकार आपला रंग आपणच लावतो. त्या तासाभरात तो कुणाशी फारसा बोलत नाही आणि कॅमेऱ्याकडेही बघत नाही. चेहरा टिपायला याहून चांगली वेळ मला माहीत नाही.

तिच्याकडे निकॉन डी५६०० होता, सोबत आलेली १८-५५ लेन्स होती आणि ५० मिमी एफ/१.८ ही ऑटोफोकस लेन्सही होती (मिमीचा आकडा फोकल लेन्थचा, तो मोठा तितकी चौकट अरुंद; एफचा आकडा लहान तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं). तरी तिला जुनी सोव्हिएत हेलिओस ४४-२ घ्यायची होती. अडचण तिने फोनवर एका दमात सांगितली: "मावशी, मला हेलिओसच हवी, पण सगळे म्हणतात ती निकॉनला चालत नाही. मग काय, आता कॅमेराच बदलू?"

'निकॉनला चालत नाही' हे अर्धसत्य आहे. त्या अर्धसत्यापायी लोक नको तो अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणारं कडं) घेतात, नको ती लेन्स घेतात, कधी कधी अख्खा कॅमेरा विकून मोकळे होतात. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहिते आहे. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच होतं की आधी आपण माणसापासून किती अंतरावर बसणार ते मोजू या. कुठली लेन्स, कुठला अडॅप्टर, कॅमेरा बदलायचा की नाही, हे सगळं त्या अंतरावरून ठरतं.

हेलिओसच का

५० मिमीची तिची लेन्स वाईट नव्हती. उलट ती फार स्वच्छ होती. रंगपटातल्या उघड्या बल्बखाली रंगवलेला चेहरा त्या लेन्समधून कडक दिसायचा. रंगाचा प्रत्येक थर, घामाचा प्रत्येक थेंब सारख्याच ठसठशीतपणे समोर यायचा. तिला डोळे नेमके हवे होते, पण गाल आणि कान हळूहळू विरत गेलेले हवे होते.

हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स. तिचा आराखडा मूळचा रशियन नाही. कार्ल झाइस येना या जर्मन कारखान्याने १९३०च्या दशकात ५८ मिमीची 'बायोटार' काढली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची कागदपत्रं आणि यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघाकडे गेली, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने त्याच आराखड्यावर हेलिओस उभी केली. चार गटांत सहा काचा. पुढे सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती नेहमीची लेन्स म्हणून येऊ लागली. एकट्या झेनिट-ई या मॉडेलचेच तीस लाखांहून जास्त कॅमेरे निघाले, यावरून या लेन्सचं उत्पादन किती अफाट असेल याचा अंदाज येतो. ती अजून परवडते ती म्हणूनच.

एफ/२ वर उघडी ठेवली की हिचा मध्यभाग बऱ्यापैकी तीक्ष्ण असतो आणि कडा सैल पडतात. काचांवरचं कोटिंग (चमक कमी करणारा पातळ लेप) जुन्या पद्धतीचं, एका थराचं, त्यामुळे समोरून प्रकाश आला की सावल्या थोड्या उजळतात, काँट्रास्ट उतरतो. जाहिरातीसाठी काढलेल्या वस्तूच्या चित्राला हा दोष आहे. उघड्या बल्बखालच्या चेहऱ्याला मात्र तो सावरून घेतो. शिवाय ४४-२ ला छिद्राची आठ पाती असतात. ४४एम-४ पासूनच्या नंतरच्या मॉडेलांना सहाच असतात, म्हणून छिद्र थोडं बंद केलं की मागचे दिवे षटकोनी होतात. मागे बल्ब असणार हे माहीत असताना आठ पात्यांची घेणंच शहाणपणाचं होतं.

अंतराचा हिशोब

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि चित्र टिपणारा सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. ते फ्लँज अंतर. हेलिओसच्या एम४२ या आट्यांच्या माउंटचं (लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडाचं) फ्लँज अंतर ४५.४६ मिमी. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५ मिमी. म्हणजे निकॉनवर हेलिओस बसवली की ती सेन्सरपासून असायला हवी त्यापेक्षा १.०४ मिमी पुढे राहते. मागे ढकलायला जागाच नसते. त्यामुळे दूरचं दृश्य, डोंगर, चंद्र, यांवर फोकस बसत नाही. 'चालत नाही' म्हणतात ते या कारणाने.

पण 'दूरचं' म्हणजे किती दूरचं? हे काढायला शाळेतलं सूत्र पुरतं. फोकल लेन्थचा वर्ग करायचा आणि लेन्स जितकी पुढे सरकली आहे त्याने भागायचा. ५८ चा वर्ग ३३६४. भागिले १.०४. उत्तर सुमारे ३२३५ मिमी. म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपासपर्यंत ही लेन्स निकॉनवर व्यवस्थित फोकस करते. त्याच्या पलीकडचंच तेवढं जातं.

आता रंगपट पाहू. देवळाच्या बाजूची एखादी पडवी, ओसरी किंवा पडदा लावून केलेला आडोसा. मेकअपला बसलेली माणसं, पेटारे, दोरीवर टांगलेले कपडे, कोपऱ्यात पखवाज. कुठेही उभं राहा, चेहरा दीड ते अडीच मीटरवरच असतो. डी५६०० चा सेन्सर सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिमीचा. कॅमेरा उभा धरून ५८ मिमी लेन्सने दीड मीटरवरून जवळपास ६० सेंटिमीटर उंचीचा भाग चौकटीत येतो: मुकुट, चेहरा, छाती. तिला हवं होतं ते एवढंच.

उलट बाजूही तिला सांगितली. मुकुटासकट उभा राजा पायापासून डोक्यापर्यंत घ्यायचा तर साडेचार-पाच मीटर मागे जावं लागेल, आणि तिथे ही लेन्स निकॉनवर आंधळी आहे. त्या चित्रासाठी ५० मिमी आहेच. एकाच लेन्सने सगळं करायचं असेल तर ही जोडणी तिच्यासाठी नाही. रंगपटापुरती मात्र ती पूर्ण आहे.

हा हिशोब झाला आणि कॅमेरा विकायचा विषय तिथेच संपला.

ज्यांच्याकडे दुसरे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी थोडं. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, म्हणून एम४२ साठी १.४६ मिमीची साधी चकती पुरते आणि दूरचा फोकसही मिळतो. पेंटॅक्सच्या के माउंटचं अंतर एम४२ इतकंच, ४५.४६. मिररलेस कॅमेऱ्यांत तर आरसाच नसल्याने ही अंतरं फारच कमी: सोनी ई १८, निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०. त्यामुळे मधे नळीसारखा अडॅप्टर बसतो आणि जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स चालते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स (४२ मिमी) आणि मिनोल्टाच्या (४३.५ मिमी) डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर, चालवायला जाऊ नये. त्या मिररलेसवरच शोभतात.

जे पर्याय सोडले

पहिला पर्याय होता मधे काच असलेल्या अडॅप्टरचा. त्यातली काच निकॉनवरची ती एक मिलिमीटरची तूट भरून काढते आणि दूरचा फोकस परत आणते. दुकानदार हाच पुढे करतात. पण ती काच म्हणजे एक कमजोर टेलिकन्व्हर्टर असते. फोकल लेन्थ थोडी वाढते, थोडा प्रकाश जातो, आणि स्वस्त अडॅप्टरमधली एकुलती काच एफ/२ वर सगळ्या चित्रावर धुकं आणते. मागे बल्ब असतील तर त्यांची भुतं चौकटीत तरंगतात. लेन्सच्या काचेसाठी पैसे मोजायचे आणि मग तिच्यामागे हलकी काच बसवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. व्यक्तिचित्रासाठी तर मुळीच नाही.

दुसरा पर्याय निकॉनच्याच जुन्या मॅन्युअल लेन्सचा. १०५ मिमी एफ/२.५ ही निकॉरची लेन्स व्यक्तिचित्रासाठी नावाजलेली आहे आणि एआय आवृत्ती डी५६०० वर अडॅप्टरशिवाय बसते. जागा असती तर मी तिला तीच घ्यायला लावली असती. पण छोट्या सेन्सरवर १०५ मिमीने तेवढीच छातीपर्यंतची चौकट घ्यायला जवळपास तीन मीटर मागे जावं लागतं. रंगपटात तीन मीटर मागे गेलं की आपण अंगणात पोचतो. ८५ मिमीलाही अडीच मीटरच्या आसपास लागतात. ज्युपिटर-९ या ८५ मिमी एफ/२ सोव्हिएत लेन्सची पंधरा पाती मला फार आवडतात, पण तिलाही तेच अंतर नडलं.

पेंटॅक्सच्या जुन्या ताकुमार ५० मिमी एफ/१.४ बद्दल तिने विचारलं होतं. त्या लेन्सच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम असतं आणि वर्षांनुवर्षांत ती काच पिवळी पडते. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरतो. लेन्स उत्तमच आहे. पण ५० मिमी तिच्याकडे होती आणि नवा कडकपणा तिला नको होता.

तीन हेलिओस

पहिली पाहिली पुण्याच्या जुन्या बाजारात, झेनिटच्या बॉडीवर चढवलेली. बाहेरून चकचकीत. छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला तर आतल्या एका काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले दिसले. बुरशी. कडेला असती तर विचार केला असता, पण ही मध्यापर्यंत आलेली होती. बुरशी कोटिंग खाते. पुसून काढली तरी तिची खूण राहते आणि मागून प्रकाश आला की ती उठून दिसते. उजेडात, प्रकाश पाठीशी ठेवून काम करणाऱ्याला असली लेन्स बरेच दिवस खपून जाईल. भाचीच्या प्रत्येक चित्रात मागे दिवा असणार होता. म्हणून ती सोडली.

दुसरी एका ऑनलाइन विक्रेत्याने 'एकदम मिंट' म्हणून दाखवलेली. पाठवलेले सगळे फोटो वरून काढलेले, काचेच्या आरपार एकही नाही. मी भाचीला टॉर्च मारून आतला फोटो मागवायला सांगितला. आला तो फोटो दुधाळ होता: आतल्या काचांवर धूसर पडदा. शिवाय समोरच्या कड्यावरच्या बारीक स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, म्हणजे कुणीतरी आधी उघडलेली. हेलिओस उघडणाऱ्यांत समोरची काच मुद्दाम उलटी बसवणारेही असतात, कारण त्याने पार्श्वभूमी आणखी गरगरते. विकताना ते सांगतातच असं नाही. आधी उघडलेली लेन्स घ्यायला हरकत नाही, पण कुणी आणि कशासाठी उघडली हे कळलं पाहिजे.

तिसरी कुडाळजवळच्या एका घरात मिळाली. सिंधुदुर्गात आणि गोव्यात बोटीवर नोकरी केलेली माणसं गावोगाव आहेत, आणि त्यांनी परदेशी बंदरांतून आणलेले कॅमेरे अजून माळ्यांवर पडून असतात. हा झेनिट-ई तसाच आलेला. चामड्याचं कव्हर पार फुटलेलं, पण लेन्सला झाकण होतं आणि कॅमेरा लाकडी कपाटात, धान्याच्या कोठीपासून दूर ठेवलेला होता. लेन्सवर सिरिलिक अक्षरांतलं नाव, क्रास्नोगोर्स्कचं लोलकाचं चिन्ह आणि ७८ ने सुरू होणारा क्रमांक. या लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचं वर्ष सांगतात.

तपासणी तिनेच केली, मी शेजारी बसून होते. टॉर्च मागून आणि मग पुढून, दोन्हीकडून तिरका. कडेला एका जागी तांदळाच्या कणीएवढा बुरशीचा ठिपका, बाकी काच स्वच्छ. थोडी धूळ होती, धुळीने चित्रात काही फरक पडत नाही. मग छिद्र. ४४-२ ला त्यासाठी दोन कडी असतात: एकावर आकडा ठरवायचा, दुसऱ्याने छिद्र त्या आकड्यापर्यंत उघडायचं किंवा मिटायचं. दुसरं कडं ती सावकाश फिरवत राहिली आणि पात्यांवर उजेड पाडून बघत राहिली. पाती कोरडी होती, तेलाची चमक नव्हती, आठही एकसारखी मिटत होती. या लेन्समध्ये पात्यांवर तेल असलं तरी फार बिघडत नाही, कारण पाती आपणच हाताने फिरवतो, स्प्रिंगने नाही. पण तेल उन्हात उडून काचेवर बसतं आणि तोच तो दुधाळ पडदा तयार होतो.

फोकसचं कडं मात्र जवळजवळ जाम होतं. आतलं ग्रीस चाळीसएक वर्षांत वाळून गेलेलं. हे बघून लोक लेन्स सोडून देतात, आणि इथे माझं मत वेगळं आहे. वाळलेलं ग्रीस हा जुन्या लेन्समधला सर्वांत बरा दोष. काचेचा दोष कायमचा असतो, ग्रीसचा एका बैठकीत जातो. फक्त ते काम स्वतः करू नये. फोकसचे आटे अनेक तोंडांचे असतात. उघडताना ते नेमके कुठे सुटले याची खूण केली नाही तर परत बसवताना चुकीच्या तोंडात जातात आणि अंतराची सगळी गणितं बिघडतात. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात कॅमेरे दुरुस्त करणारे जुने कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकाने जुनं ग्रीस धुऊन नवं भरलं, काचांचा गट काढून तो बुरशीचा ठिपकाही पुसला. काम झाल्यावर कडं दोन बोटांनी फिरू लागलं आणि सोडलं तिथे थांबू लागलं. लेन्सला लागले त्याच्या जवळपास निम्मे पैसे या कामाला लागले. खरेदीचा अंदाज बांधताना हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

अडॅप्टरचा ओठ

लेन्स आली, मग काच नसलेला एम४२ ते निकॉन अडॅप्टर आला. भाचीने बसवून पाहिला आणि फोन केला: "मावशी, सव्वातीन मीटर कुठलं, पावणेदोनच्या पुढे काही दिसतच नाही!"

दोष हिशोबात नव्हता. खरं कारण तिने पाठवलेल्या फोटोतच दिसलं. अडॅप्टरला बाहेरच्या बाजूने ओठ होता: कॅमेऱ्याच्या माउंटवर टेकणारी पातळ कडा. लेन्स त्या ओठावर बसत होती, म्हणजे ओठाच्या जाडीइतकी आणखी पुढे. तिने वडिलांच्या वर्कशॉपमधल्या व्हर्निअर कॅलिपरने ओठ मोजला. बरोबर एक मिलिमीटर. आता ३३६४ भागिले २.०४ करा: १६४९ मिमी. एका मिलिमीटरने जवळजवळ निम्मं अंतर खाल्लं होतं.

निकॉनसाठी असे अडॅप्टर दोन तऱ्हेचे मिळतात. एक ओठाचा, एक माउंटच्या आत पूर्ण बुडणारा. बुडणाऱ्यात लेन्स थेट माउंटच्या पातळीवर टेकते आणि सव्वातीन मीटर मिळतात. बुडणारा अडॅप्टर काढायला अवघड जातो, काही वेळा त्यासोबत छोटी किल्ली येते, म्हणून दुकानदार सहसा ओठाचाच देतात. जाहिरातीत जाडी लिहिलेली नसते. बाजूने काढलेला फोटो मागून घ्यावा, कडा दिसली की नको म्हणावं. तिने दुसरा, बुडणारा मागवला आणि तो हेलिओसवर कायमचा ठेवून दिला. आता ती लेन्स काढते ती अडॅप्टरसकट.

४४-२ घेण्याचा आणखी एक फायदा इथे लक्षात आला. तिच्या मागे बाहेर आलेली पिन नसते. ४४एम पासूनच्या लेन्सना छिद्र मिटवणारी पिन असते. ४४एम ला ती बंद करायचं बटण तरी असतं, पुढच्या काही मॉडेलांना तेही नाही. तेव्हा पिन दाबून धरणारा, आतून कडा असलेला अडॅप्टर लागतो, नाहीतर छिद्र कायम उघडंच राहतं.

आणि एक सूचना, या जोडणीपुरती: लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे आता खोटे आहेत. अनंताची खूण म्हणजे सव्वातीन मीटर, आणि मधले सगळे आकडे त्या मानाने अलीकडे सरकलेले. ते बघूच नयेत.

रंगपटात

डी५६०० ला लेन्समधली चिप सापडली नाही की तो एम (सगळं हाताने ठरवायचा मोड) सोडून बाकी कुठल्याच मोडवर शटर सोडत नाही, आणि प्रकाशही मोजत नाही. ऐकायला हे भयंकर वाटतं. रंगपटात ते सोयीचं निघालं, कारण तिथला प्रकाश रात्रभर बदलत नाही. एक दिवा, एक जागा. सुरुवातीला दोन-चार चित्रं काढून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा आणि मग एकाच सेटिंगवर काम करायचं. तिचं सेटिंग एफ/२, शटर १/१०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२००. १/१०० निवडण्याला दोन कारणं होती. हात हलण्याच्या दृष्टीने ५८ मिमीला छोट्या सेन्सरवर तेवढा वेग लागतो. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० ठेवलं की एक पूर्ण लुकलुक चित्रात येते आणि आडवे पट्टे पडत नाहीत.

खरी कसोटी फोकसची. दीड मीटरवर एफ/२ ला नेमकेपणाची खोली जेमतेम पाच सेंटिमीटर. डोळा नेमका असेल तर कानाची पाळी सुटलेली असते. हल्लीच्या डीएसएलआरचा फोकसिंग पडदा ऑटोफोकससाठी उजळ केलेला असतो. त्यात एफ/२ ची खरी पातळ खोली दिसतच नाही, असते त्यापेक्षा जास्त दिसते. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये नेमकं वाटलेलं चित्र संगणकावर मऊ निघतं. खालच्या कोपऱ्यात फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका लागतो, तो या लेन्सबरोबरही चालतो, पण त्याचा पट्टा रुंद असतो. भाचीने शेवटी सगळं काम लाइव्ह व्ह्यूवर आणलं: स्क्रीन बाहेर वळवायचा, डोळ्यावर चित्र मोठं करायचं, पापणीचे केस दिसेपर्यंत कडं फिरवायचं, आणि मग हात न हलवता वाट बघायची.

वाट बघायची, हे महत्त्वाचं. कलाकार आरशाकडे झुकतो, मागे येतो, पुन्हा झुकतो. ही ये-जा ठरलेल्या लयीत चालते, कारण आरसा आणि चेहरा यांचं अंतर तो स्वतः सांभाळत असतो. मागे आल्यावर तो ज्या जागी थांबतो तिथे फोकस लावून ठेवायचा. चेहरा त्या जागी आला की शटर दाबायचं. कड्याने चेहऱ्याच्या मागे धावायचं नाही. ऑटोफोकसच्या सवयीतून सुटायला तिला वेळ लागला, पण एकदा लय सापडल्यावर तिची नेमकी चित्रं वाढत गेली. एका वयस्क कलाकाराने तिला थांबलेलं बघून सांगितलं: "बाय, तू सांगशीत तितको येळ मी बसतंय, पण आधी ह्यो रंग सुकाक व्हयो." रंग सुकेपर्यंत तो खरोखरच हलला नाही. त्या बैठकीतलं, एका गालावर रंग चढलेला आणि दुसरा अजून कोरा असलेलं त्याचं चित्र तिच्या या कामातलं मला सर्वांत आवडतं.

प्रकाशाची एक गोष्ट ती चुकतमाकत शिकली. बल्ब चौकटीत असला तर हेलिओस सुंदर वागते. बल्ब चौकटीच्या जरा बाहेर, काचेवर तिरका पडत असला तर सगळं चित्र फिकं होतं. ४९ मिमीच्या आट्यांत बसणारं साधं रबरी हूड लावलं आणि तो प्रश्न सुटला. हे हूड लेन्सबरोबरच घ्यावं.

गरगर आली की नाही

हेलिओसचं नाव झालं ते पार्श्वभूमीच्या गरगरीमुळे: माणूस मधे स्थिर आणि मागची पानं त्याच्याभोवती वर्तुळात फिरल्यासारखी. त्याचं कारण असं की चौकटीच्या कडेला तिरके येणारे किरण लेन्सच्या नळीमुळे कापले जातात. मागचा प्रकाशबिंदू गोल न उमटता मांजरीच्या डोळ्यासारखा लांबट उमटतो, आणि असे सगळे लांबट ठिपके मध्याभोवती रांगेने वळलेले दिसतात. कडेच्या प्रतिमेतले न सुधारलेले दोष त्यात भर घालतात.

म्हणजे गरगर चौकटीच्या कडेला असते, आणि डी५६०० चा छोटा सेन्सर नेमकी तीच कड कापून टाकतो. रंगपटात पार्श्वभूमीला बहुतेक वेळा एकरंगी पडदा, तिथे गरगरायला काही नाहीच. भाचीला मी हे खरेदीच्या आधी सांगितलं होतं. तिला चेहऱ्याचा मऊपणा हवा होता म्हणून तिचं अडलं नाही. केवळ गरगरीसाठी छोट्या सेन्सरवर हेलिओस घेणाऱ्याची मात्र निराशा होते, आणि हे विकणारा सांगत नाही.

जत्रेच्या एका रात्री तिने ओळखीतल्या एकाचा फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, सोनी ए७ II मागून आणला. एम४२ ते सोनी ई हा नळीचा अडॅप्टर, मेनूत लेन्स नसतानाही शटर सोडण्याची परवानगी, आणि हात हलला तरी चित्र सावरणाऱ्या स्थिरीकरणाला फोकल लेन्थ हाताने सांगणं, एवढी तयारी पुरली. देवळाबाहेर, दिव्यांच्या माळा आठ-दहा मीटर मागे आणि संकासुराचं सोंग घेतलेला कलाकार सव्वा मीटरवर. इथे सगळं आलं: कडेचे दिवे लांबट होऊन त्याच्याभोवती वळले, मधे तो तसाच ठाम. मागे बारीक तपशील, तो तपशील बराच दूर, आणि माणूस जवळ, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय ही लेन्स फिरत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये कडांना रंग देणारं फोकस पीकिंग तिने थोडा वेळ वापरलं आणि बंद केलं. एफ/२ वर ते पापणी आणि भुवई दोन्ही नेमक्या असल्याचं सांगतं. चित्र मोठं करून बघणंच खात्रीचं.

एक तोटाही दिसला. फुलफ्रेमवर तीच छातीपर्यंतची चौकट भरायला एक मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. त्या अंतरावर नाक किंचित मोठं येतं, आणि कलाकारालाही आपण अंगावर आल्यासारखं वाटतं. छोट्या सेन्सरवर ५८ मिमीची चौकट ८७ मिमीसारखी येते आणि दीड मीटरचं अंतर राखता येतं. व्यक्तिचित्रासाठी मला ते अंतर जास्त सभ्य वाटतं. भाचीनेही सध्या निकॉनच ठेवला आहे. मिररलेस घ्यायचाच झाला तर तिला मी झेड माउंटचा, छोट्या सेन्सरचा सुचवला आहे, म्हणजे हेच अंतर राहील आणि सव्वातीन मीटरची मर्यादा जाईल.

पावसाळा

दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या आधी संपतो. नंतरचे चार महिने लेन्ससाठी खरे धोक्याचे. बुरशीला ओल, अंधार आणि थोडी धूळ एवढं पुरतं, आणि आषाढात सावंतवाडीच्या घरात या तिन्ही गोष्टी कपाटातच असतात. चामड्याचं कव्हर सगळ्यात वाईट, ते ओल धरून ठेवतं. ते तिने टाकून दिलं.

ड्राय कॅबिनेट घेता येत असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. त्याहून कोरडं करण्याचा हव्यास नको, नवं ग्रीस लवकर वाळतं. तिच्याकडे घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा आहे. त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. खडे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरायचे. डबा कपाटात न ठेवता खिडकीपाशी, उजेडात पण थेट ऊन लागणार नाही असा ठेवलेला असतो. दर रविवारी लेन्स बाहेर काढून दोन्ही कडी टोकापासून टोकापर्यंत फिरवायची, टॉर्च मारून कड बघायची आणि पुन्हा डब्यात. कारागिराने पुसलेला ठिपका जिथे होता ती जागा ती सर्वांत आधी बघते. यंदाच्या पावसात तिथे काही आलेलं नाही.